बाबा शांत झाले

॥ श्री ॥
बूढ़ापारा, रायपूर
१९ जानेवारी २००३

ति. ताईस,
मीराचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तिळगुळाचा डबा एकाच दिवशी पोचले. लाडवांचा भुगा झाला होता, तो भार्गवने चमच्याने संपवला आणि वर विचारलं की फोन असताना तुम्ही बहिणी अजून पत्रं का लिहिता. मी म्हटलं, ताई फोनवर फक्त बिल किती येईल एवढंच विचारते. लीड्सला असताना सगळं आयुष्य पत्रांवर काढलं; आता सांगली आणि रायपूर एका देशात आले म्हणून ती सवय कशाला मोडायची.

भार्गव रोज सकाळी गाडीत बसून ज्या शेतांत नवी राजधानी उभी राहायची आहे तिथे कामावर जातो आणि संध्याकाळी पायाला माती लावून परत येतो. मी मात्र जुन्या गावातल्या या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहते आणि मजेत राहते. परदेशी पासपोर्ट असल्यामुळे मला पोलीस कचेरीत नाव नोंदवावं लागलं. तिथल्या बाबूने पासपोर्ट पाहिला, माझं कुंकू पाहिलं, आणि अदबीने विचारलं की मॅडम आपल्या देशी कधी परत जाणार.  घरी येऊन रोजनिशीत हा प्रश्न लिहून ठेवला आहे. उत्तराची जागा अजून कोरी आहे.

सकाळी कोपऱ्यावर पोहे आणि जिलबी एकाच कागदात मिळतात. पाणीपुरीला इथे गुपचुप म्हणतात, शेवग्याच्या शेंगेला मुनगा. भाजीवालीला काही विचारलं की ती 'हव' म्हणते. हो म्हणण्यात इतकी खात्री मी कुठे ऐकली नाही. संध्याकाळी बूढ़ा तालाबाच्या कडेने एक फेरी मारते. आणि मराठी, ताई. आमच्या खालच्या मजल्यावरचं घरमालकांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इथलं, पण घरात मराठीच. मले, तुले, काहून, काय करून राहिल्या. निम्मे शब्द हिंदी. मी कान टवकारून ऐकते आणि वर येऊन लिहून काढते.

त्यांच्यातला हिरो म्हणजे गंगाधरराव. रेल्वेत गार्ड होते. अर्धांगाच्या झटक्यापासून एक बाजू गेली आहे, पण आवाज शाबूत. खालच्या परछीत, म्हणजे आपल्या पडवीत, खुर्ची टाकून दिवसभर बसतात आणि गल्लीतल्या प्रत्येकाला दरडावतात. हातात अजून लाल आणि हिरवं फडकं असतं. माझ्या गॅलरीतून ते दिसत नाहीत, फक्त फडकं धरलेला हात दिसतो. स्कूटरवाल्यांना लाल, सायकलवाल्यांना हिरवं. मला ते विलायतवाली म्हणतात आणि परवा विचारत होते की तुमच्याकडे गाड्या वेळेवर सुटतात का, खरं सांगा. त्यांच्यावर मी चार पानं लिहिली आहेत आणि माझ्या मते या पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण होईल. हल्ली मात्र त्यांची चिडचिड वाढली आहे, रात्रीही ओरडतात. डॉक्टरांना दाखवणार आहेत. मुलगा यशवंतराव भनपुरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहेत. सून सुशीला माझ्याच वयाची, अबोल.

तुझा गुडघा कसा आहे ते लिही, आणि खरं लिही. माया आहे तेवढीच पाठव, जास्त पाठवलीस तर पोस्टात भुगा होतो.

तुझी,
मीरा


॥ श्री ॥
सांगली
२८ जानेवारी २००३

चि. सौ. मीरास,
ताईचे अ. आ. वि. वि.

गुडघा गुडघ्याच्या जागी आहे. तुझं पत्र शेजारच्या मायाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मीराताई रायपूरला नाही, माहेरपणाला गेल्यात. मलाही तसंच वाटलं. तुला सगळंच गोड लागतंय. लागू दे. इतकी वर्षं तिकडे थंडीत तू कुठल्या तरी गल्लीसाठी झुरत होतीस, ती मिळाली.

फक्त एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या पत्रात सासरे निम्मं पान आणि सून एका ओळीत, तीही 'अबोल' एवढ्यावर. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा आमच्याकडे येणारे सगळे म्हणायचे, काय विनोदी बाई आहेत हो. विनोद ऐकायला ते दहा मिनिटं बसायचे. मीही त्या काळात अबोल होते, हे तुला आठवत असेल.

पुस्तक लिही. तुझ्या नवऱ्याला सांग, चमच्याने तिळगूळ खाणाऱ्याला पुढच्या वर्षी नुसते तीळ मिळतील. इथून आशीर्वाद नेहमीचेच, पण ताजे आहेत असं समज.

तुझी,
ताई


रायपूर
११ फेब्रुवारी २००३

ताई,

माझ्या हातून फार भयंकर गोष्ट झाली आहे. कालपासून मी जेवलेली नाही. भार्गव म्हणतो, लिहून टाक म्हणजे नीट श्वास घेता येईल. म्हणून लिहिते.

गंगाधररावांना गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू केली होती. सुशीलानेच मला जिन्यात सांगितलं होतं की ही लागू पडली तर ते जरा शांत होतील. शब्द तिचाच. काल सकाळी ती वर आली. ती कधी वर येत नाही. दारात उभी राहून हळू आवाजात म्हणाली की दीदी, बाबा शांत झाले, पहाटे.

मी हसले, ताई. मनापासून, तोंड भरून हसले. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की बरं झालं, सुटलात तुम्ही; किती दिवस सोसलंत; आता जरा स्वतःसाठी जगा. वर असंही म्हणाले की मी गोड काहीतरी करून घेऊन येते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग 'हव' म्हणाली आणि खाली गेली.

मी रवा भाजला. केशर घातलं. आंघोळ करून पिवळी साडी नेसले, का नेसले ते मला आता सांगता येणार नाही, दिवस चांगला वाटत होता म्हणून. पातेलं घेऊन खाली गेले तर परछीत पुष्कळ चपला. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून लोक भेटायला आले असतील. आत पाऊल टाकलं आणि ते जमिनीवर होते. उशाशी दिवा, तोंडावर तुळशीचं पान. भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या. मी मधोमध, हातात वाफाळणारा शिरा आणि त्यात खोवलेला डाव.

 एका वयस्क बाईंनी माझी साडी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मान फिरवली. यशवंतराव दारातून फोनवर कुणाला तरी तेच वाक्य सांगत होते, बाबा शांत झाले, आणि तेव्हा मला ते कळलं. त्या क्षणी. भाषा येते म्हणून मिरवणाऱ्या बाईला. सुशीला बायकांमधून उठली, माझ्या हातातून पातेलं घेतलं, जणू मी ते आणणार हे ठरलंच होतं, आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतच होती. बाहेर आली ती पदराने तोंड पुसत. मी तिच्याजवळ बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आता मी कुठल्या तोंडाने खाली जाऊ? तिला सांगू की मला कळलं नव्हतं? ज्या घरातून माणूस गेलं तिथे जाऊन मी माझं व्याकरण समजावू? आणि नाही सांगितलं तर ती आयुष्यभर असं समजणार की तिच्या सासऱ्यांच्या मरणावर मी शिरा केला. मला या गावात एकच मैत्रीण मिळू घातली होती, ती मी एका वाक्यात घालवली.

आणखी एक गोष्ट सतावते. ज्या माणसाच्या मरणाचा साधा शब्द मला कळला नाही, त्याच्या गल्लीवर मी पुस्तक लिहिते आहे. बाकीची पानं तरी बरोबर आहेत का?

मीरा


॥ श्री ॥
सांगली
१८ फेब्रुवारी २००३

चि. सौ. मीरास,
ताईचे अ. आ. वि. वि.

आधी तुझे कान उपटते. पत्राच्या माथ्यावर श्री नाही, नमस्कार नाही, पहिलंच वाक्य भयंकर गोष्टीचं.  माझ्या डोळ्यांपुढे भार्गव आला. मरणाच्या बातमीचं पत्र वाचून फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं एवढंच सुचलं, तशी मोरीपर्यंत गेलेही. मायाने पत्र हातातून काढून घेतलं आणि पुढचं मोठ्याने वाचलं. शिऱ्याशी आलो तेव्हा ती हसली, आणि पुढचं मग हळू आवाजात वाचलं.

तुझी चूक आहे आणि नाही. आपल्याकडे पोर शांत होतं, समुद्र शांत होतो, लहानपणी तू दोन धपाटे खाल्ल्यावर शांत व्हायचीस. माणूस जातो. छापील कागदावर तसा शब्द कधी वाचला असशील, पण दारात उभं राहून कोण असं म्हणतं? तिकडे हिंदीत म्हणत असतील, आणि तिने ते उचलून मराठीत ठेवलं.

माझं ऐक. समजावायला जाऊ नकोस. सुतकातल्या घराला आपली सफाई ऐकायला वेळ नसतो. तेराव्याला साधी साडी नेसून जा, वाढतील ते जेव, उठून ये. तिला राग असेल तर तो दिसेल, मग काय ते बघ.

काळजी निम्मी तू कर, निम्मी माझ्याकडे पाठव.

तुझी,
ताई


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
गोंदिया
४ मार्च २००३

आदरणीय मीरादीदी,
सुशीलाचा सादर नमस्कार.

पत्र पाहून तुमाले नवल वाटेल. तेरावं झाल्यावर भाऊ मले घेऊन आला, पंधरा दिवस राहा म्हणे. इथं फोन समोरच्या खोलीत आहे, बोलली की सारे ऐकतात, म्हणून लिहून राहिली. मराठीत लिहायची आदत नाही, कॉलेजात सारं हिंदीतच झालं. चुका माफ करा.

दीदी, त्या दिवशी जो आला तो म्हणे, बाबा देवमाणूस होते. रेल्वेवाले आले, पाऱ्यातले आले, बिलासपूरच्या आत्याबाई आल्या. सारे मले म्हणत, तुझा आधार गेला. मी हव हव करत होती. साऱ्या दुनियेत तुमी एकट्या म्हणाल्या की सुटलात. आता स्वतःसाठी जगा. ते मले इतकं लागलं की मी रडली नाही, पण आतून सैल झाली. तुमी लेखक आहात, तुमाले वरूनही दिसत असंन ते दुसऱ्यांले दिसत नाही.

बाबा वाईट नव्हते. पण त्यांचं लाल-हिरवं फडकं तुमाले माहीत आहे ना. तुमाले वाटे ते स्कूटरवाल्यांसाठी. ते माझ्यासाठी होतं. मी फाटकाकडे निघाली की लाल. चौकातून भाजी आणायची तर हिरवं, पण परत येईपर्यंत हात वरच. तालाब आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे, दीदी, तुमी रोज जाता. मी कधीची गेली नाही मले आठवत नाही. ओरडायचे ते मी आत दिसली नाही की ओरडायचे.

आता सांगायची गोष्ट. हे म्हणून राहिले की आत्याबाई एकट्या आहेत, डोळ्यांनं दिसत नाही, बाबांची खोली रिकामी झाली, त्यांले आणू. मी पहिल्यांदाच नाही म्हणाली. तोंडातून निघालंच. हे म्हणाले, तुले कोणी शिकवलं. मी म्हटलं, मीरादीदीनं सांगितलं स्वतःसाठी जगा. त्या शिकलेल्या आहेत, दुनिया पाहिली आहे, त्या चूक सांगणार नाहीत. तेव्हापासून हे बोलले नाहीत. तुमच्याकडे आले तर रागावू नका. तुमी आहात म्हणून मी टिकून आहे.

भार्गवभैयांना नमस्ते. लहान तुमच्या घरी कोणी नाही, म्हणून आशीर्वाद माझ्याचजवळ ठेवून राहिली.

तुमची,
सुशीला


॥ श्री ॥
रायपूर
९ मार्च २००३

ति. ताईस,
मीराचा सा. न. वि. वि.

यासोबत सुशीलाच्या पत्राची मी हाताने केलेली नक्कल आहे. आधी ती वाच, मग हे.

वाचलंस? मी ते पत्र ओट्याशी उभं राहून वाचलं आणि फडक्याच्या वाक्याशी आल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचलं. तू जे एका प्रश्नात विचारलं होतंस ते मला इतके दिवस रोज गॅलरीतून दिसत होतं. म्हणजे हात दिसत होता. मी त्या हातावर चार पानं लिहिली, त्यांत 'खट्याळ' हा शब्द आहे. पानं मी काढून बाजूला ठेवली आहेत. वाचवत नाहीत.

पण खरा धक्का तो नाही. खरा धक्का हा की ती माझे आभार मानते आहे. जे मी चुकून बोलले त्याला तिने धीर समजलं आहे, आणि त्या धीरावर उभी राहून आयुष्यातलं पहिलं नाही म्हटलं आहे. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, ताई. म्हातारा झोपला असं समजून मी बोलले होते. ते गेले हे मला कळलं असतं तर मीही त्या बायकांसारखीच म्हणाले असते की तुमचा आधार गेला. हे मला अगदी नक्की माहीत आहे आणि त्याची लाज वाटते.

परवा यशवंतराव वर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. वाईट माणूस नाही. भाभीजी, भाभीजी करत विचारत होते की तुम्ही तिच्या डोक्यात काय घातलं. आई लहानपणीच गेली, आत्यानेच त्यांना वाढवलं. तिला शब्द देऊन झाला आहे, ती सामान बांधून बसली आहे. सुशीला कधी कशाला नाही म्हणाली नव्हती. त्यांचं म्हणणं, ती तुमचं ऐकते, एक ओळ लिहून टाका की घर आधी. 

मी गप्प बसले. तेव्हा खरं सांगितलं असतं तर ते हसत खाली गेले असते, आणि गोंदियाला फोन करून समोरच्या खोलीत सगळ्यांच्या देखत तिला सांगितलं असतं की तुझी दीदी काय समजली होती ते ऐक. म्हणून गप्प बसले. पण त्यांच्यापाशी गप्प बसणं निराळं आणि तिच्यापाशी निराळं. ती लिहिते, तुम्ही आहात म्हणून मी टिकून आहे. ती ज्या मीरादीदीवर टिकली आहे ती बाई अस्तित्वातच नाही. सांगितलं तर तिच्या पायाखालची फळी काढल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर मी रोज तिचा खोटा नमस्कार घेत राहीन, आणि कधीतरी कुणीतरी तिला सांगेलच. त्या पिवळ्या साडीचं सगळ्या पाऱ्याला कोडं पडलं आहे.

तू मोठी आहेस, तूच सांग. नेहमीचा जीव लाव, या खेपेला थोडी अक्कलही सोबत पाठव.

तुझी,
मीरा


॥ श्री ॥
सांगली
१५ मार्च २००३

चि. सौ. मीरास,
ताईचे अ. आ. वि. वि.

नक्कल दोनदा वाचली. मायाला दाखवली नाही.

माझं मत एका ओळीचं आहे: सांगू नकोस. औषध चुकून दिलं गेलं आणि लागू पडलं, तर बरं झालेल्या माणसाच्या घशात बोट घालून ते बाहेर काढायचं नसतं. तुला तुझं मन स्वच्छ हवं आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत दोन मार्क जास्त पडले म्हणून बाईंकडे जाऊन कमी करून घेणारी मुलगी तू. पण ते मार्क तुझे होते. हे तिचे आहेत.

मला कुणी तेव्हा असं चुकून म्हटलं असतं तर मी कुणाला ते परत घेऊ दिलं नसतं.

रागावून लिहिलं असं समजू नकोस, जवळ असतीस तर पाठीवर हात ठेवून हेच म्हटलं असतं.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
रायपूर
१६ मार्च २००३

प्रिय सुशीलाताई यांस,
मीराचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मी चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. माझ्या बहिणीचा सल्ला मी मागवला आहे, तो यायच्या आतच हे पाठवते, कारण तो आला तर मी त्याच्या आड लपेन.

त्या सकाळी तुम्ही दारात म्हणालात की बाबा शांत झाले, तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. मला वाटलं नवीन गोळी लागू पडली आणि त्यांचा त्रागा थांबला. सुटलात म्हणाले ते तेवढ्यापुरतं. स्वतःसाठी जगा म्हणाले ते म्हणजे दुपारी जरा झोपा. शिरा त्यासाठी, साडीही त्यासाठी. तुमच्या घरात पाऊल टाकेपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं.

मला वरून काही दिसत नव्हतं. फडकंसुद्धा स्कूटरवाल्यांसाठी आहे असंच मी समजत होते आणि त्यावर गमतीचं लिहिलंही होतं. ते आता बाजूला ठेवलं आहे.

तुम्ही आत्याबाईंना नाही म्हणालात, त्यात माझं नाव घेतलंत. ते नाव खोटं ठरलं तर तुमचं नाही म्हणणं खोटं ठरेल का, या भीतीने मी गप्प बसणार होते. यशवंतरावांना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण तुम्ही ज्याच्यावर उभ्या आहात ते काय आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. याहून जास्त मला काही कळत नाही. तुम्ही रागावलात तर तो राग मला मान्य आहे.

स्नेह ठेवा म्हणायचा हक्क सध्या मला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

मीरा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
गोंदिया
२४ मार्च २००३

प्रिय मीरादीदी,
सुशीलाचा नमस्कार.

तुमचं पत्र भावानं आणून हातात दिलं आणि वैनी विचारे काय लिहिलं, काय लिहिलं. मी सांगितलं भाजीचे भाव लिहिले.

दीदी, मले माहीत होतं.

तुमी हसल्या तेव्हाच समजलं. मरणाची खबर ऐकून असं कोणी हसत नाही. आमच्या नात्यात पुण्याकडची एक सून आली होती, ती पण अशीच चुकली होती एकदा. मी तोंड उघडलं होतं सांगायले की दीदी, तसं नाही, बाबा गेले. तेवढ्यात तुमी खांद्यावर हात ठेवला आणि सुटलात म्हणाल्या. अन् मी चूप बसली. मीच चूप बसली. तुमाले रवा भाजू दिला, ती साडी नेसू दिली, साऱ्यांसमोर येऊ दिलं. तुमची फजिती मी केली. मले थांबवता येत होतं. खाली जाऊन बायकांमध्ये बसली आणि जिन्याकडे कान लावून वाट पाहत होती की तुमी कधी येता. वर एक घर होतं जिथं बाबा नुसते झोपले होते आणि कोणी माझ्यासाठी खुश झालं होतं. ते मले संपू द्यायचं नव्हतं.

अन् हे पण सांगते, दुसऱ्या कोणाले सांगू नका. पातेलं आत नेलं ना, ते झाकून नाही ठेवलं. ओट्याजवळ उभी राहून खाल्ला. बाहेर बाबा जमिनीवर. गरम होता, जीभ पोळली. नंतर देवाची माफी मागितली पण भूक लागली होती, दीदी, रात्रभर उभी होती.

मग तुमाले तसं पत्र काहून लिहिलं, असं विचाराल. कारण नाही म्हणायले मले कोणाचं तरी नाव पाहिजे होतं. माझ्या नावानं आमच्या घरी कधी काही झालं नाही. तुमी विलायतेच्या, शिकलेल्या, यांचं तुमच्यासमोर काही चालत नाही. म्हणून तुमचं नाव ठेवलं पुढं. तुमाले त्याचं इतकं ओझं होईल असं वाटलं नव्हतं. तुमी पंधरा दिवस तळमळल्या आणि मी इथं आरामात कैऱ्या चिरून राहिली होती.

तुमचं पत्र आल्यावर विचार केला. आता दीदीचं नाव घेता येत नाही. तिनं खरं लिहून पाठवलं, आता मी खोटं कसं चालवू. परवा हे आले मले न्यायले. भाऊ, वैनी, सारे समोरच्या खोलीत. यांनी पुन्हा तेच काढलं, की वरच्या भाभीजीनं तुझं डोकं फिरवलं. मी म्हटलं, त्यांचं नाव घेऊ नका, त्यांनी काही नाही सांगितलं. मीच म्हणून राहिली. आत्याबाई येऊ द्या, त्यांचं घर आहे, तुमाले त्यांनी वाढवलं. तुमी करा त्यांचं. सकाळी ऑफिसच्या आधी करा, संध्याकाळी येऊन करा, मधे बाई लावा. मी दोन वेळचं सगळ्यांचं जेवण करीन. पण त्यांच्या खोलीत मी जाणार नाही, आणि मी घराबाहेर निघाली तर कोणाले विचारणार नाही.

वैनीनं तोंडावर हात ठेवला.  हे म्हणाले, मले तिले पोळी भरवणं नाही येत. मी म्हटलं, मले पण नव्हतं येत. चहा पिऊन गेले, एकटेच गेले. हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. मले घ्यायले पुन्हा येतील का, मालूम नाही.

बाबांवर लिहिलेलं फाडू नका. परछीत ते तसेच होते, गमतीचे. गल्लीतल्या पोट्ट्यांले आवडत होते. आत कसे होते ते मी सांगीन, पण सोबत बसून सांगीन, लिहून नाही.

सासरे गार्ड, जन्मभर घरात रेल्वेचा पास, पण एकटी मी गाडीत कधी बसली नाही. भावाले म्हटलं तिकीट काढून आण, तो म्हणे जावईबापूंची वाट पाहू. काल मी आपली स्टेशनावर गेली आणि काढून आणलं. रविवारची दुपारची गाडी आहे. खालचं दार उघडं असंन तर ठीक, नसंन तर मी वर येईन.

माझ्याकडून माया पूर्ण आहे, तुमी पण नावाआधी स्नेह लिहिताना आता मागे-पुढे पाहू नका.

तुमची,
सुशीला